पहिल्या टीपासून स्कोअरकार्डपर्यंत: गोल्फचे ऐकीव नियम एकदा तपासून घेऊया

मी गोल्फ सुरू केलं ४४व्या वर्षी, मुलगी बारावी होऊन बाहेर शिकायला गेली आणि शनिवार-रविवार एकदम रिकामे झाले तेव्हा. कोचने ग्रिप शिकवली, स्विंग शिकवला, पण नियम कोणी बसून शिकवलेच नाहीत. ते सगळे ऐकीव. कोणी म्हणायचं खांद्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा, कोणी म्हणायचं बॉल शोधायला पाच मिनिटं असतात, कोणी म्हणायचं फ्लॅगला पट, म्हणजे होलकडे घरंगळवलेला बॉल, लागला की दोन पेनल्टी, म्हणजे स्कोअरमध्ये दोन जास्तीचे स्ट्रोक. ह्यातलं एकही आज खरं नाहीये, पण आपल्या फोरबॉल्समध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांच्या ग्रुप्समध्ये, अजून रोज ऐकू येतं.

मला ह्याचा फटका बसला एका ओपन स्पर्धेत. सातव्या होलला माझा ड्राइव्ह उजवीकडच्या झाडीत गेला, मी म्हणाले "थांबा हं, अजून एक मारते" आणि दुसरा बॉल मारला. पुढे गेलो तर बॅग उचलणाऱ्या कॅडी काकांना पहिला बॉल सापडला, मस्त मोकळ्या गवतावर, मी तोच खेळले, दुसरा खिशात टाकला, होल संपवला आणि आठव्या टीवरून, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिथून, मारलं पण. कार्ड देताना गप्पांमध्ये हा विषय निघाला आणि रेफरींनी शांतपणे सांगितलं की मॅडम, तुम्ही डिसक्वालिफाय. कारण मी "प्रोव्हिजनल", म्हणजे पहिला हरवला असेल तर म्हणून मारलेला तात्पुरता बॉल, असं म्हणालेच नव्हते. ते न म्हणता दुसरा बॉल मारला की त्याच क्षणी तो तुमचा खेळातला बॉल होतो आणि पहिला बाद, मग मी जो खेळले तो राँग बॉल, आणि राँग बॉलची चूक पुढच्या टीवरून मारायच्या आधी सुधारली नाही तर स्पर्धेतून बाहेर. त्या दिवशी फार वाईट वाटलं, चार महिने सकाळी पाचला उठून प्रॅक्टिस केली होती. पण त्यानंतर मी नियम स्वतः वाचायला घेतले आणि आता आमच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की मी त्याला पहिल्या दिवशीच सगळं सांगते. तेच इथे लिहितेय, राउंड जसा खेळतो त्याच क्रमाने.

आधी एक गोष्ट. गोल्फचे पहिले लिखित नियम १७४४ साली स्कॉटलंडमध्ये लीथला झाले, फक्त १३ होते. आज आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए ह्या दोन संस्था मिळून नियम करतात. २०१९ मध्ये त्यांनी सगळं पुस्तक नव्याने लिहिलं, ३४ नियमांचे २४ केले, आणि २०२३ मध्ये परत काही बदल केले. म्हणजे तुम्हाला कोणी २०१९ च्या आधी शिकवलं असेल तर त्यातलं बरंच जुनं झालंय असं समजूनच चाला. आर अँड एचं फुकट ॲप आहे, ते फोनमध्ये टाकून ठेवा.

घरून निघताना

आदल्या रात्री बॅग मोजा. १४ क्लब, म्हणजे मारायच्या काठ्या, जास्त नाही. प्रॅक्टिसला जाताना नवऱ्याची वेज किंवा मुलाचा हायब्रिड बॅगेत राहून जातो आणि दुसऱ्या दिवशी तशीच बॅग स्पर्धेला येते, हे मी स्वतः तीन वेळा बघितलंय. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे जिथे सगळे स्ट्रोक मोजून स्कोअर लागतो तिथे, ज्या ज्या होलला जास्तीचा क्लब बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक, राउंडला जास्तीत जास्त चार.

बॉलवर मार्कर पेनने स्वतःची खूण करा, आद्याक्षरं, ठिपके, काहीही. एकाच फोरबॉलमध्ये दोघांकडे एकाच कंपनीचा एकाच नंबरचा बॉल असणं अगदी कॉमन आहे, आणि तो माझाच हे सांगता आलं नाही तर तो हरवलाच समजायचा. पिच मार्क, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) बॉल आपटून पडलेला खळगा, रिपेअर करायचा काटा खिशात ठेवा, बॅगेत नको, बॅगेत असला की काढला जात नाही.

वेळेचं म्हणाल तर टी टाइम म्हणजे त्या मिनिटाला तुम्ही टीवर तयार पाहिजे, पार्किंगमध्ये नाही. पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलला दोन स्ट्रोक, त्याहून जास्त झाला तर सरळ बाहेर. मी सीवूड्सहून निघते, बहुतेक वेळा खेळते सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर, सेंट्रल पार्कला लागून, रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. पण ठाण्याहून येणाऱ्यांनी मुंब्रा बायपासचा भरवसा धरू नये, आमच्या ग्रुपमधले घोडबंदरवाले त्यासाठी अर्धा तास आधी निघतात.

टीवर

टीची हद्द दाखवणाऱ्या दोन मार्करच्या पुढच्या कडेपासून मागे दोन क्लब लेंथ, म्हणजे दोन क्लबांच्या लांबीएवढं, एवढ्या चौकोनातच बॉल पाहिजे. तुम्ही स्वतः चौकोनाच्या बाहेर उभं राहिलात तरी चालतं, बॉल आत पाहिजे. मार्करच्या पुढे टी करून मारलं तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक आणि परत बरोबर जागेवरून मारायचं, मारलेला शॉट मोजत नाहीत. ॲड्रेस करताना, म्हणजे मारायच्या तयारीत क्लब बॉलमागे ठेवताना, चुकून क्लब लागून बॉल टीवरून पडला तर काही पेनल्टी नाही, उचला, परत ठेवा. त्यावरून "एक झाला" म्हणून हसायची सवय आपल्याकडे आहे, नवीन माणूस बिचारा खरंच एक मोजतो.

कोणी मारत असताना त्याच्या मागे, लाइनमध्ये किंवा अगदी जवळ उभं राहायचं नाही. त्याच्या समोर तोंड करून थोडं तिरकं, डोळ्यांच्या कोपऱ्यात हालचाल दिसणार नाही असं उभं राहा. फोन सायलेंटवर. ऑफिसचा कॉल येणारच असेल तर टीपासून लांब जाऊन घ्या आणि तोपर्यंत बाकीच्यांना सांगा की तुम्ही मारून घ्या, मी शेवटी मारतो.

"कुठला क्लब मारला?" हे स्पर्धेत विचारायचं नाही, हा सल्ला होतो आणि विचारणाऱ्याला दोन स्ट्रोक. सांगणारा पण त्याच नियमात अडकतो. अंतर विचारलेलं चालतं, पिन म्हणजे होलमधला फ्लॅग किती लांब, पाणी कुठे आहे, ही सगळ्यांसाठी उघड माहिती आहे. रेंजफाइंडर पण चालतो, फक्त चढ-उतार धरून अंतर सांगणारं स्लोप फंक्शन बंद करायचं. आपला कॅडी मात्र आपल्याला सगळं सांगू शकतो, म्हणून चांगला कॅडी मिळाला तर त्याचं ऐका, ही मंडळी कोर्सवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चाललेली असतात.

आता आवाजाचं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण ह्यात माणसाला लागू शकतं. बॉल कोणाच्याही दिशेने गेला की त्याच क्षणी "फोर!" ओरडायचं, जोरात, लाजायचं नाही. पण आपल्या कोर्सवर पुढे फक्त गोल्फर नसतात, माळी असतात, गवत काढणाऱ्या मावशी असतात, पाण्याचे पाइप हलवणारी पोरं असतात, आणि त्यातल्या नवीन माणसाला "फोर" म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही. म्हणून मी "फोर" च्या मागोमाग "बॉल! बॉल!" पण ओरडते. त्याहून चांगलं म्हणजे मारायच्या आधीच कॅडीला सांगून त्यांना हाक मारायची, त्यांनी मान वर करून हात दाखवला की मगच मारायचं. मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या असतील तर त्या जाईपर्यंत थांबायचं. तीस सेकंद जातात. आणि चुकून कोणाला लागलाच तर खेळ तिथेच थांबवून आधी त्याच्याकडे धावायचं, स्कोअरचं नंतर बघू.

बॉल दिसेनासा झाला तर

शोधायला तीन मिनिटं, पाच नाहीत. घड्याळ सुरू होतं तुम्ही किंवा तुमच्या कॅडीने शोधायला सुरुवात केली तेव्हापासून. शोधताना चुकून तुमचा पाय लागून बॉल हलला तर पेनल्टी नाही, होता तिथे परत ठेवा.

बॉल हरवला किंवा पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर म्हणजे ओबी गेला की एक पेनल्टी आणि आधी जिथून मारलं तिथूनच परत. टीवरून मारला असेल तर पुढचा शॉट तिसरा. परत चालत जायला लागू नये म्हणूनच प्रोव्हिजनल आहे, आणि त्याची रीत अशी की दुसरा बॉल मारायच्या आधी पार्टनरला ऐकू जाईल असं "प्रोव्हिजनल मारतोय" म्हणायचं, आणि त्याचा नंबर किंवा खूण वेगळी आहे ते दाखवायचं. "अजून एक मारतो", "सेफ्टीला मारतो", "रीलोड करतो" ह्यातलं काहीही चालत नाही, माझं उदाहरण वर दिलंच आहे. पहिला बॉल तीन मिनिटांत कोर्सच्या आत सापडला तर तोच खेळायचा, प्रोव्हिजनल कितीही भारी पडलेला असला तरी. आणि पहिला बॉल फक्त पेनल्टी एरियातच (लाल किंवा पिवळ्या खुंट्यांनी आखलेला भाग, बहुतेक वेळा पाणी) गेला असणार, दुसरीकडे जायची शक्यताच नाही अशी परिस्थिती असेल तर प्रोव्हिजनल मारताच येत नाही, तिथे पेनल्टी एरियाचे पर्याय घ्यायचे.

काही क्लब्समध्ये लोकल रूल असतो की ओबी किंवा हरवलेल्या बॉलसाठी परत न जाता दोन पेनल्टी घेऊन पुढेच फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीच्या, कडेला ड्रॉप करा. तो रूल कार्डच्या मागे किंवा नोटीस बोर्डवर लिहिलेला असेल तरच वापरायचा. कार्डची मागची बाजू टी ऑफच्या आधी वाचा, दोन मिनिटं लागतात.

हो, पांढरे खुंटे उपटायचे नाहीत, स्विंगला आडवे आले तरी नाही. लाल-पिवळे खुंटे सहज निघत असतील तर काढून मारू शकता, नंतर परत लावा.

ड्रॉप आणि पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे निम्मा राउंड ड्रॉप घेण्यात जातो, म्हणून हे नीट समजून घ्या.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, उभं राहून, सरळ खाली. बॉल ठरलेल्या जागेत पडला पाहिजे आणि त्याच जागेत थांबला पाहिजे. गडगडत बाहेर गेला तर परत ड्रॉप, दुसऱ्यांदा पण गेला तर दुसऱ्या वेळी जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवायचा. मोजायला बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, पटर (ग्रीनवर पट करायचा क्लब) सोडून, म्हणजे बहुतेकांचा ड्रायव्हर. सवयीने खांद्यावरून टाकला तर घाबरू नका, मारायच्या आधी उचलून बरोबर टाका, काही पेनल्टी नाही. तसाच मारलात तर मात्र लागते.

फुकटची रिलीफ, म्हणजे विना पेनल्टी बॉल हलवायची मुभा, कधी मिळते? साचलेलं पाणी, ज्याला अजून सगळे कॅज्युअल वॉटरच म्हणतात, ग्राउंड अंडर रिपेअर म्हणजे दुरुस्तीसाठी आखून ठेवलेली जमीन, काँक्रीटचा कार्ट पाथ, स्प्रिंकलर, प्राण्याने खणलेलं बीळ. ह्यात बॉल असेल, तुमचे पाय येत असतील किंवा स्विंग अडत असेल तर जिथे अडचण पूर्ण संपते अशी सगळ्यात जवळची जागा शोधायची, होलच्या जवळ जाणारी नको, आणि तिथून एक क्लब लेंथच्या आत ड्रॉप. सगळ्यात जवळची म्हणजे खरोखर सगळ्यात जवळची, तुमच्या आवडीची नाही. कार्ट पाथच्या ज्या बाजूला ती येते तिथे काटेरी झुडूप असलं तरी जागा तीच. म्हणून बॉल उचलायच्या आधी ड्रॉप कुठे येतोय ते बघा, झुडपात येत असेल तर पाथवरूनच मारायची पण परवानगी आहे. एकदा उचलला की मग परत पाथवर ठेवायला पेनल्टी पडते.

पाणी दिसायला पाहिजे, नुसतं ओलं, मऊ, पचपच करणारं गवत चालत नाही. नेहमीसारखं उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी वर आलं आणि दिसलं तर रिलीफ आहे, पाय जोरात दाबून पाणी काढायचं नाही.

चिखलात बॉल रुतला, म्हणजे स्वतःच्याच शॉटने केलेल्या खळग्यात जमिनीच्या खाली थोडा तरी गेला, तर फेअरवे आणि रफ (बाजूचं वाढलेलं गवत) दोन्हीकडे फुकट रिलीफ आहे, बॉलच्या लगेच मागच्या जागेपासून एक क्लब लेंथ. फक्त फेअरवेवर मिळते हा पण एक जुना गैरसमज. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, तो आणि पेनल्टी एरिया, ह्यांत मात्र नाही.

पावसाळ्यात कमिटी बहुतेक वेळा प्रेफर्ड लाइज लावते, बॉल मार्क करा, उचला, पुसा, ठेवा. इथे दोन गोष्टी विचारून घ्या: किती अंतरात ठेवायचा, कारण कुठे सहा इंच असतं कुठे एक क्लब लेंथ, आणि फक्त फेअरवेवर की रफमध्ये पण. आणि एकदाच ठेवायचा. ठेवला की तो खेळात आला, परत हात लावला की पेनल्टी. हे लोक फार करतात, ठेवतात, बघतात, परत जरा हलवतात, आणि करणाऱ्याला आपण काही चूक करतोय हे माहीत पण नसतं.

सापाचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे डोंगर लागून आहे आणि पावसात ते बाहेर येतात. बॉलजवळ विषारी साप असेल, गांधीलमाश्यांचं पोळं किंवा आग्या मोहोळ असेल तर नियमच म्हणतो की जीव धोक्यात घालून खेळायचं नाही, सुरक्षित जागी विना पेनल्टी ड्रॉप घ्या. साप विषारी आहे की नाही हे ओळखायला जाऊ नका. पार्टनरला सांगा, ड्रॉप घ्या, चला. उंच गवतात हात घालून बॉल शोधायचा नाही, क्लबने गवत बाजूला करायचं, आणि कॅडीला पण आत पाठवायचं नाही, बॉल तीनशे रुपयांचा असो नाहीतर पाचशेचा.

आणि वीज. कमिटीने लांबलचक एकच सायरन दिला की त्या क्षणी थांबायचं, पट अर्ध्या फुटाचा राहिला असला तरी मारायचा नाही. सायरन झाला नाही पण तुम्हाला विजेचा धोका वाटतोय तरी स्वतःहून थांबायचा हक्क नियमानेच दिलाय, कोणाला विचारायला नको. छत्री मिटा, क्लब खाली ठेवा, झाडाखाली जाऊ नका, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा.

लाल, पिवळे

हॅझर्ड हा शब्द नियमातून गेला, आता पेनल्टी एरिया म्हणतात. आत बॉल खेळण्यासारखा असेल तर खेळा, क्लब जमिनीला टेकवला, काड्या-पानं बाजूला केली तरी आता चालतं. नाहीतर एक पेनल्टी घेऊन बाहेर. पिवळ्याला दोन पर्याय: आधी जिथून मारलं तिथून परत, किंवा होल आणि बॉल जिथे आत शिरला तो बिंदू, ही रेघ मागे ओढत नेऊन त्या रेघेवर कितीही मागे. लालला हे दोन्ही, अधिक तिसरा, आत शिरला तिथून दोन क्लब लेंथ, होलच्या जवळ नाही. शिरला तिथून, पडला तिथून नाही. इथेच वाद होतात, म्हणून पाण्याकडे जाणारा बॉल चौघांनीही शेवटपर्यंत बघायचा आणि बिंदू कुठला ते ड्रॉपच्या आधी एकमेकांशी बोलून ठरवायचं.

खेळताच येणार नाही अशा जागी, मुळांमध्ये, काट्यात, बॉल असेल तर अनप्लेएबल, एक पेनल्टी आणि लालसारखेच तीन पर्याय, फक्त इथे अंतर बॉल पडलाय तिथून मोजायचं. बॉल खेळता येतो की नाही हे तुम्ही स्वतः ठरवायचं, पार्टनरची परवानगी लागत नाही.

बंकर

कडेच्या सगळ्यात उतरत्या, खालच्या बाजूने आत शिरायचं, उंच कडेवरून उडी मारायची नाही, कड ढासळते आणि ती परत बांधायला माळ्यांचा दिवस जातो. शॉट मारायच्या आधी बॉलच्या लगेच पुढे-मागे वाळूला क्लब लावायचा नाही, प्रॅक्टिस स्विंगमध्ये नाही, बॅकस्विंगमध्ये पण नाही. पानं, काड्या, दगड काढू शकता, पण काढताना बॉल हलला तर एक पेनल्टी आणि बॉल परत जागेवर. वाळू भिजून घट्ट झाली असेल आणि बॉल कडेला अडकला असेल तर दोन पेनल्टी घेऊन बंकरच्या बाहेर मागे ड्रॉप घ्यायचा पर्याय आहे, त्याच बंकरमध्ये सहा शॉट घालवणाऱ्याला हा कोणी सांगत नाही.

मारून झालं की रेकने, म्हणजे दंताळ्याने, वाळू सारखी करायची, फक्त बॉलचा खड्डा नाही, तुमच्या सगळ्या पावलांच्या खुणा. मागच्या फोरबॉलमधल्या कोणाचा तरी बॉल तुमच्या टाचेच्या खड्ड्यात पडणार आहे आणि त्याला रिलीफ नाही, जसा पडला तसा मारावा लागणार. रेक फिरवायला वीस सेकंद लागतात. कॅडीकडे रेक सोपवून पुढे चालायला लागलात तर निदान मागे वळून बघा तो झालाय का.

ग्रीनवर

पिच मार्क आधी, पट नंतर. काटा खळग्याच्या कडेला खुपसायचा आणि चारी बाजूंनी माती मध्याकडे ढकलायची, मग पटरने हलकं दाबायचं. खालून वर उचकटायचं नाही, बरेच जण तसंच करतात, त्याने मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग पडतो. स्वतःचा एक आणि दुसऱ्याचा एक, असा माझा नेम आहे. बुटांच्या स्पाइकच्या खुणा पण २०१९ पासून रिपेअर करता येतात.

बॉल उचलायच्या आधी मागे नाणं किंवा मार्कर ठेवायचाच, न ठेवता उचलला तर एक पेनल्टी. चुकून बॉल किंवा मार्कर हलला तर काही नाही, परत जागेवर ठेवा. वाळू आणि सुटी माती ग्रीनवर झटकता येते, ग्रीनच्या बाहेर, अगदी फ्रिंजवर (ग्रीनच्या कडेच्या पट्टीवर) पण, नाही. हे माहीत नसल्यामुळे चिप करायच्या आधी लोक बिनधास्त हात फिरवून वाळू साफ करतात. लाइनमध्ये पाणी साचलं असेल तर ग्रीनवर असताना बॉल हलवून ठेवता येतो, विना पेनल्टी, इथे ड्रॉप नाही, ठेवायचा.

फ्लॅग आत ठेवून पट करू शकता, लागला तरी पेनल्टी नाही. पण स्ट्रोक प्लेमध्ये ग्रीनवरून मारलेला पट ग्रीनवरच्याच दुसऱ्या बॉलला लागला तर मारणाऱ्याला दोन, म्हणून लाइनजवळ बॉल असेल तर मार्क करायला सांगा, ह्यात संकोच नको.

"घे रे, गिमी" , म्हणजे छोटा पट न मारताच आत गेला असं धरणं, हे मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) समोरच्याने द्यायचं असतं. स्ट्रोक प्लेमध्ये दोन इंचाचा पट पण आत घालायचा, उचलून पुढच्या टीवरून मारलं तर डिसक्वालिफाय. रविवारच्या मैत्रीच्या राउंडला गिमी घेत असाल तर घ्या, फक्त मग महिन्याच्या स्पर्धेत हात आपोआप खाली जातो, हे मी दोन चांगल्या खेळाडूंचं झालेलं बघितलंय, म्हणून आमच्या ग्रुपने गिमी बंदच केली.

कोणाच्या पटच्या लाइनवर पाय ठेवायचा नाही, स्वतःची सावली पण तिथे पडू द्यायची नाही, सकाळी सातच्या उन्हात सावल्या लांब असतात. होलमधून बॉल काढताना पटरच्या डोक्याने उकरायचा नाही, कड तुटते. बॅग आणि ट्रॉली ग्रीनवर नाही, पुढच्या टीच्या बाजूला लावा म्हणजे संपल्यावर उलटं चालायला नको. स्कोअर ग्रीनवर उभं राहून लिहू नका, मागचे थांबलेले असतात, पुढच्या टीवर जाऊन लिहा.

वेगाचं पण इथेच सांगते. तुमची पाळी आली आणि मार्ग मोकळा झाला की ४० सेकंदांत शॉट झाला पाहिजे अशी नियमातली शिफारस आहे. स्ट्रोक प्लेमध्ये लांबच्याने आधी मारायचं हा क्रम पाळलाच पाहिजे असं नाही, जो तयार त्याने सुरक्षित असेल तर मारावं. दुसरा खेळत असताना आपलं अंतर बघून क्लब काढून ठेवायचा, चौघांनी मिळून एकाच बॉलकडे चालत जायचं नाही. पुढे एक अख्खा होल रिकामा पडला आणि मागचे थांबलेत तर त्यांना हात करून पुढे जाऊ द्या. स्टेबलफोर्ड, म्हणजे होलनुसार पॉइंट मोजायचा प्रकार, खेळत असाल आणि पॉइंट मिळायची शक्यता संपली की बॉल उचला, कोणाला वाईट वाटत नाही.

कार्ड

तुमचं कार्ड तुमच्या मार्करने, म्हणजे तुमचा स्कोअर लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने, लिहायचं, तुम्ही त्याचं. दर होलनंतर आकडा मोठ्याने सांगा, "पाच, पेनल्टी धरून". शेवटी बसून एक-एक होल तपासा, दोघांच्या सह्या. बेरजेची जबाबदारी तुमची नाही, ती कमिटी करते, पण होलचा आकडा तुमची जबाबदारी. होलला खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली तर बाहेर, जास्त लिहिला तर तो जास्तच राहतो. अपवाद एवढाच की पेनल्टी लागली हेच तुम्हाला माहीत नव्हतं, मग ती फक्त वाढवतात.

हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आहे, २०२० पासून. शेवटच्या २० कार्डांतले चांगले ८ धरतात. म्हणून वाईट राउंडचं कार्ड पण भरायचं, खिशात ठेवायचं नाही.

आणि राउंडच्या मध्ये नियमावरून अडलात, रेफरी जवळ नाही, चौघांची चार मतं, तेव्हा वाद घालत उभं राहायचं नाही. स्ट्रोक प्लेमध्ये दोन बॉल खेळायची सोय आहे: मारायच्या आधी पार्टनरला सांगा की मी दोन बॉल खेळणार आणि नियमाने चालत असेल तर अमुक बॉल मोजायचा आहे, दोन्हीने होल पूर्ण करा, दोन्ही आकडे लिहा, आणि कार्ड देण्याच्या आधी कमिटीला सांगा. दोन्हीचा स्कोअर सारखाच आला तरी सांगायचं, नाही सांगितलं तर डिसक्वालिफाय. गेल्या पावसाळ्यात माझा बॉल अर्धा पाण्यात आणि अर्धा लाल रेघेवर होता, साचलेलं पाणी म्हणायचं की पेनल्टी एरिया, कोणालाच कळेना. मी दोन्ही बॉल खेळले, एकाने पाच आणि एकाने सहा, आत जाऊन विचारलं. रेघेला टेकलेला बॉल पेनल्टी एरियातच धरतात, म्हणून सहा. सहा लिहिला, सही केली, कार्ड दिलं.